दीड तासाचं खग्रास

ग्रहण म्हटलं की आपल्याकडे तीन प्रकारची माणसं सापडतात. पहिल्या प्रकारची माणसं खिडक्यांचे पडदे लावून घेतात, पाण्यात तुळशीचं पान टाकतात आणि ग्रहण सुटलं की आंघोळीला पळतात. दुसऱ्या प्रकारची माणसं ग्रहणाचे चष्मे लावून गच्चीवर गर्दी करतात. तिसरा प्रकार म्हणजे आपण, इंजिनिअरिंगवाले. काल ग्रहण होतं हे आपल्याला दुसऱ्या दिवशी मेसमधल्या पेपरातून कळतं, कारण नेमकं त्याच दिवशी सबमिशन असतं!

तर मंडळी, हा लेख तिन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आहे. फक्त यातलं ग्रहण आपलं नाही. ते आहे प्लूटोवरचं.

"प्लूटो? त्याला तर काढून टाकलं ना?" हो, काढलं. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेतलं आणि प्लूटो ग्रहाचा बटुग्रह झाला. पण ग्रहण लागायला पदवी लागत नाही. सूर्य हवा, चंद्र हवा आणि तिघांनी एका रेषेत यायला हवं, बस्स. प्लूटोला तर एक सोडून पाच चंद्र आहेत. त्यांतले चार अगदी किरकोळ. पाचवा मात्र जबरदस्त आहे. त्याचं नाव शॅरन. प्लूटोचा व्यास २३७७ किलोमीटर आणि शॅरनचा १२१२, म्हणजे चंद्र मालकाच्या निम्म्याहून मोठा! आणि तोही फक्त साडेएकोणीस हजार किलोमीटरवर. आपला चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त लांब आहे, हे लक्षात घ्या.

आधी आपल्या ग्रहणाची थोडी उजळणी करू. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ग्रहण म्हणजे पाच मार्कांची आकृती होती. तीन गोल काढायचे, अम्ब्रा काळा करायचा, पेनम्ब्रा पेन्सिलने हलका रंगवायचा, की संपलं. पुढे एकदा घरातलं पंचांग उघडून पाहिलं, तर त्या एका आकृतीचे पाच भाग करून प्रत्येकाला सुंदर नाव दिलेलं. चंद्र सूर्याला पहिल्यांदा टेकतो तो स्पर्श. सूर्य पूर्ण झाकला जातो ते संमीलन. मग मध्य. सूर्याची कड पुन्हा बाहेर येते ते उन्मीलन आणि चंद्र पूर्ण बाजूला होतो तो मोक्ष. मला हे शब्द इतके आवडले की पुढचा सगळा हिशोब मी त्यांच्यातच मांडणार आहे.

पृथ्वीवर स्पर्शापासून संमीलनापर्यंत साधारण तास-सव्वा तास जातो. चंद्र सूर्याला चवीचवीने खात असतो म्हणा ना! आणि एवढी वाट पाहून मिळणारी खग्रास अवस्था किती? फार फार तर साडेसात मिनिटं. २२ जुलै २००९ रोजी जे ग्रहण सुरतेपासून पाटण्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेलं, ते एकविसाव्या शतकातलं सगळ्यात मोठं खग्रास. ते पॅसिफिक महासागरात जिथे सर्वांत जास्त वेळ टिकलं, तिथेही ६ मिनिटं ३९ सेकंदच होतं.

हे असं होतं याचं कारण एक योगायोग. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आहे आणि तो सुमारे ४०० पट लांबही आहे. त्यामुळे आकाशात दोघं जवळपास एकाच मापाचे दिसतात. डब्याला झाकण बसावं तसा चंद्र सूर्यावर बसतो, आणि कडेने सूर्याची प्रभा फाकलेली दिसते. याच अचूक बसण्यामुळे १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात पिएर जॅन्सन या फ्रेंच शास्त्रज्ञाला आपल्या भारतात, गुंटूरला, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट घेता आला. त्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेतूनच पुढे हेलियमचा शोध लागला.

आता प्लूटोवर चला. जाताना गरम कपडे घ्या, तिथे उणे २३० अंश सेल्सिअस आहे.

प्लूटो सूर्याभोवती फिरतो त्या कक्षेचा आकार चांगलाच लांबट आहे. सर्वांत जवळ असतानाही सूर्य आपल्यापेक्षा तीस पट दूर असतो. म्हणून तो तीस पट लहान दिसतो, इतका लहान की साध्या डोळ्यांना ती तबकडी आहे की ठिपका हे जेमतेम कळावं. पण ठिपका म्हणून त्याला कमी समजू नका. प्रकाश आपल्याकडच्या नऊशेव्या हिश्श्याएवढा असला, तरी आपल्या पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा चारशे पटींहून जास्त आहे. तेवढ्या उजेडात आरामात नोट्स वाचता येतील!

आणि शॅरन? हात समोर ताठ धरा आणि दोन बोटं जोडा. साधारण तेवढी रुंदी. आपल्या चंद्राच्या सात पट रुंद, आणि तिथल्या सूर्याच्या दोनशे पट! म्हणजे इथे डब्याला झाकण बसवायचा प्रश्नच नाही. इथे मोहरीच्या दाण्यावर ताट उपडं घालायचं आहे.

आता हिशोब करू. आपल्याला हिशोबाची सवय आहेच. प्लूटोचा एक दिवस आपल्या ६ दिवस ९ तासांचा, म्हणजे १५३ तासांचा. तेवढ्या वेळात सूर्य आकाशात ३६० अंश फिरतो. भागाकार केला तर तासाला साधारण २.३५ अंश. शॅरनची रुंदी सुमारे ३.८ अंश. ३.८ भागिले २.३५, उत्तर १.६ तास. म्हणजे खग्रास अवस्था जास्तीत जास्त दीड तासाच्या थोडी वर! आणि स्पर्श ते संमीलन? सूर्याची रुंदी अंशाच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढी. उत्तर येतं अर्धं मिनिट.

बघा, सगळं उलटं झालं. आपल्याकडे सव्वा तास वाट पाहायची आणि पाच-सात मिनिटं अंधार. तिकडे अर्ध्या मिनिटात सूर्य गडप आणि मग दीड तास अंधार. कुणीतरी बटण दाबून दिवा बंद करावा तसं. सावलीची कडही तशीच धारदार. आपल्याकडे उपच्छाया हजारो किलोमीटर पसरलेली असते आणि गडद छाया फार तर अडीच-पावणेतीनशे किलोमीटर रुंद. शॅरनची गडद छाया जवळपास बाराशे किलोमीटर रुंद, आणि तिच्याभोवतीची उपच्छायेची किनार फक्त सहा-एक किलोमीटरची. सूर्याची ती प्रसिद्ध प्रभा मात्र तिथे कंकणासारखी एकदम दिसणार नाही. शॅरन तिलाही सूर्याबरोबर गिळून टाकतो. प्लूटोवर कुणी जॅन्सन असता, तर बिचाऱ्याला फार घाई करावी लागली असती.

आता सगळ्यात मजेशीर भाग. शॅरनची एकच बाजू प्लूटोकडे असते, आपल्या चंद्रासारखीच. पण इथे प्लूटोचीसुद्धा एकच बाजू कायम शॅरनकडे असते. दोघं एकमेकांवर नजर रोखून फिरतात. याचा परिणाम असा, की प्लूटोवरून पाहिलं तर शॅरन आकाशात एका जागी ठोकल्यासारखा उभा. तो उगवत नाही, मावळत नाही. अर्ध्या प्लूटोवर तो सदैव दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यावर कधीच नाही. म्हणजे संकष्टीचा उपास करणाऱ्यांची पंचाईत! एका बाजूला चंद्रोदय कधी होणार नाही आणि दुसऱ्या बाजूला चंद्र समोरच असून 'उदय' कशाला म्हणायचं ते कळणार नाही.

ग्रहणाच्या बाबतीत मात्र यामुळे मोठी सोय झाली आहे. शॅरन जागचा हलत नसल्यामुळे प्रत्येक ठिकाणी ग्रहणाची वेळ ठरलेली. जिथे शॅरन डोक्यावर, तिथे ग्रहण नेहमी भर दुपारी. जिथे तो पूर्वेच्या क्षितिजाशी, तिथे नेहमी सकाळी. प्लूटोचं पंचांग छापणाऱ्याला एका गावासाठी एकच ओळ पुरेल.

मग तिथे रोज ग्रहण लागतं का? लागतं, पण फक्त हंगामात. प्लूटोचा आस इतका कललेला आहे की तो जवळजवळ आडवा पडूनच फिरतो, आणि शॅरनही त्याच्या विषुववृत्ताच्या वरूनच फिरतो. त्यामुळे एरवी शॅरनची सावली प्लूटोच्या वरून किंवा खालून निघून जाते. सूर्याभोवतीच्या २४८ वर्षांच्या एका फेरीत फक्त दोनदा अशी वेळ येते, की सूर्य बरोबर त्या विषुववृत्ताच्या पातळीत येतो. तेव्हा काही वर्षं दर ६ दिवस ९ तासांनी एक ग्रहण. नंतर सुमारे शंभर-सव्वाशे वर्षं एकही नाही.

इथवर आल्यावर माझ्या रूममेटने पुस्तकातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे गं. पण तिथे बघायला आहे कोण? आणि याचा उपयोग काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर देण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतल्या अॅरिझोनामधल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ याने प्लूटो शोधला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता, शेतकऱ्याचा मुलगा आणि कॉलेजची डिग्री अजून व्हायची होती! पण शोध लागला तरी प्लूटो म्हणजे दुर्बिणीतला एक ठिपकाच राहिला. तो किती मोठा, किती जड, कशाचा बनलेला, काहीच धड सांगता येईना. असं जवळजवळ पन्नास वर्षं चाललं.

मग २२ जून १९७८. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत जेम्स क्रिस्टी प्लूटोच्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा मोजत होता. काम कसलं, तर प्लूटोची जागा अचूक मोजायची. आपल्या जर्नलमधल्या ऑब्झर्वेशन टेबलाइतकंच रटाळ. काही प्लेटांवर प्लूटोचा ठिपका एका बाजूला किंचित फुगलेला दिसत होता. प्लेट खराब आली असेल, दुर्बीण हलली असेल, असं म्हणून कुणीही पुढे गेलं असतं. प्रॅक्टिकलला एखादं रीडिंग ग्राफच्या बाहेर गेलं की पहिला सल्ला काय मिळतो? "खोडून टाक!"

क्रिस्टीने खोडलं नाही. त्याने पाहिलं, की त्याच प्लेटवरच्या ताऱ्यांचे ठिपके व्यवस्थित गोल आहेत. दुर्बीण हलली असती तर तेही फुगले असते. मग त्याने जुन्या प्लेटा काढल्या. फुगवटा जागा बदलत होता आणि ६ दिवस ९ तासांनी परत त्याच जागी येत होता. तो फुगवटा म्हणजेच शॅरन. क्रिस्टीच्या बायकोचं नाव शार्लीन, लाडाने 'शार'. तिच्यावरून त्याला हे नाव सुचलं, आणि ग्रीक पुराणात मृतांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याचंही तेच नाव निघालं. एकाच नावात बायको खूश आणि खगोलशास्त्रज्ञही खूश!

शॅरन मिळाल्यावर त्याच्या कक्षेचं गणित झालं आणि लक्षात आलं, की ग्रहणांचा हंगाम अगदी तोंडावर आला आहे. १७ फेब्रुवारी १९८५ च्या रात्री टेक्सासमधल्या मॅकडोनाल्ड वेधशाळेत रिचर्ड बिंझेल याला प्लूटोचा प्रकाश काही टक्क्यांनी उतरलेला दिसला. बिंझेल तेव्हा पीएचडी करणारा विद्यार्थी होता. आणखी एक-दोन वेधशाळांनीही त्याच सुमारास अशी घट टिपली. हंगाम सुरू झाला होता. तो १९९० पर्यंत चालला आणि त्या साडेपाच वर्षांत तीनशेच्या आसपास ग्रहणं झाली.

आपल्याला इथून प्लूटो आणि शॅरन वेगळे दिसत नव्हते, हे विसरू नका. दिसत होता दोघांचा मिळून एक ठिपका. मग त्यातून काय कळणार? समजा, रात्री लांबून हॉस्टेलकडे पाहिलं तर दोन खोल्यांचे दिवे मिळून एकच उजेड दिसतोय. आता एका खोलीचा पडदा हळूहळू ओढला जातोय. उजेड कधी कमी व्हायला लागला, किती कमी झाला, किती वेळ तसा राहिला, एवढं घड्याळ लावून लिहून ठेवलं, तर खिडकीची रुंदी लांबूनच काढता येईल. तसंच झालं. प्रकाश उतरायला आणि चढायला लागणाऱ्या वेळावरून दोघांचे व्यास निघाले. व्यासावरून आकारमान, आणि वस्तुमान माहीत होतंच, त्यावरून घनता. घनता पाण्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे हा नुसता बर्फाचा गोळा नाही, आत भरपूर खडक आहे.

पुढची युक्ती तर मला सर्वांत आवडते. शॅरन प्लूटोच्या पूर्ण मागे गेला की उरतो तो फक्त प्लूटोचा प्रकाश. दोघांच्या प्रकाशातून तो वजा करा. उरला तो एकट्या शॅरनचा! १९८७ मध्ये अशी वजाबाकी करून शॅरनचा वर्णपट काढला, तेव्हा कळलं की प्लूटोवर मिथेनचा बर्फ आहे आणि शॅरनवर साध्या पाण्याचा. जी वस्तू स्वतंत्रपणे दिसतही नव्हती, ती कशाने मढली आहे हे तिला झाकून कळलं. आणि शॅरन आणि त्याची सावली प्लूटोवरून सरकताना कोणता भाग झाकला की किती प्रकाश जातो, यावरून प्लूटोचा पहिला नकाशाही बनला. कुठे उजळ, कुठे काळपट, एवढाच. पण तो नकाशा एका ठिपक्याचा होता!

आता तारखा पुन्हा पाहा. शॅरनचा शोध १९७८. हंगाम १९८५. मध्ये फक्त सात वर्षं. या आधीचा हंगाम १८६० च्या आसपासचा. गुंटूरच्या ग्रहणाची तयारी जगभर चालली होती, त्याच सुमाराला तिकडे एकामागून एक खग्रास ग्रहणं लागत होती आणि प्लूटो नावाचं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पुढचा हंगाम २१०३ च्या सुमाराला. क्रिस्टीने तो फुगवटा खोडला असता आणि शॅरन आणखी पंधरा वर्षांनी सापडला असता, तर हा हंगाम हातचा गेला असता. ग्रहणं लागली असती, सावल्या पडल्या असत्या, फक्त त्यांचा अर्थ लावणारं कुणी नसतं.

रूममेटच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. बघायला तिथे कुणी असावं लागत नाही. इथे कुणीतरी लागतं, ज्याने ग्राफच्या बाहेर गेलेला बिंदू खोडलेला नाही.

नंतर माणसाने पाठवलेलं एक यान तिथे पोचलंही. १९ जानेवारी २००६ ला निघालेलं न्यू होरायझन्स १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोच्या साडेबारा हजार किलोमीटर जवळून गेलं. यानाला थांबता येणार नव्हतं, तेवढं इंधनच नव्हतं. पण मार्ग मुद्दाम असा आखला होता, की प्लूटो ओलांडल्यावर यानाने आधी प्लूटोच्या आणि मग शॅरनच्या सावलीतून जावं. म्हणजे यानाला ठरवून ग्रहण दाखवलं! सूर्य प्लूटोच्या कडेआड जाताना त्याचा प्रकाश विरळ हवेतून गाळून आला आणि त्यावरून त्या हवेची घटना कळली. मागे वळून काढलेल्या फोटोत प्लूटोभोवती निळसर धुक्याचं कडं दिसतं. कंकण म्हणावं तर ते हेच.

त्याच भेटीत प्लूटोवरचं ते पांढरं हृदय जगाने पाहिलं. तुम्हीही फोटो पाहिला असेल. पण गंमत अशी, की ते हृदय शॅरनच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे. तिथे शॅरन कधी दिसत नाही आणि शॅरनचं ग्रहणही कधी लागत नाही. ज्या बाजूला ग्रहणं लागतात, ती यान जवळून गेलं तेव्हा पलीकडे होती, म्हणून तिचे फोटो लांबूनच, बरेच धूसर मिळाले. ग्रहण लागणारी बाजू अजून नीट पाहायची राहिली आहे.

२१०३ ला मी शंभरीच्या आसपास असेन. जमलं तर पुढच्या अंकासाठी लेख देईन! तोवर आपल्यासाठी २ ऑगस्ट २०२७ आहे. त्या दिवशी इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात दुपार उलटल्यावर खंडग्रास. ऑगस्ट महिना आहे, ढगांचा भरवसा नाही, सबमिशनचाही नाही. पण आकाश उघडं मिळालं तर चष्मे लावून गच्चीवर जा आणि स्पर्श झाला की घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटाने सूर्याच्या कडेचा जेमतेम एक कण कुरतडलेला दिसेल. प्लूटोवर एवढ्या वेळात पूर्ण अंधार झालेला असतो.